छायाचित्रावरील सही आणि क्रमांक

चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला ‘३/५०’ असा आकडा दिसला की पाहणाऱ्याला त्याचा अर्थ सहज लागतो: पन्नास प्रतींपैकी ही तिसरी. हा रिवाज मुळात छायाचित्रकारांचा नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणाऱ्यांकडून तो आला. सुईने पत्र्यावर रेघ ओढली म्हणजे तिच्या काठाशी धातूची बारीक कोर उभी राहते. तीत शाई धरून राहते आणि कागदावर मखमली काळी रेषा उमटते. काही डझन ठसे निघेपर्यंत ही कोर दाबाखाली झिजून जाते आणि पहिल्या ठशाचे तेज पुढच्या ठशांत उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लर आणि सीमोर हेडन यांनी ठशाखाली पेन्सिलीने सही करण्याची चाल रूढ केली. पुढे सहीच्या जोडीला क्रमांक आला. तो एका अर्थी पत्र्याच्या झिजेचे माप होता.

निगेटिव्ह अशी झिजत नाही. नीट जपली तर शंभरावी प्रत पहिलीइतकीच, किंबहुना तिच्याहून सरस निघते. कारण मधल्या काळात हात तयार झालेला असतो. मग क्रमांक कशाचा?

राजा दीनदयाळ यांच्यापुरते याचे उत्तर सरळ होते. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या कित्येक चित्रांवर नाव आणि आकडा दिसतो; परंतु तो काचेवरच लिहिलेला, म्हणून प्रत्येक प्रतीवर तोच. आकडा काचेचा, प्रतीचा नव्हे. मागणीबरहुकूम हवी ती काच काढावी आणि प्रत करावी. प्रती जितक्या खपतील तितके बरे, असा तो उघड व्यवहार.

अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी कोरणीकारांचा रिवाज उचलला. १९३० च्या आसपास ते पन्नासांपैकी अमुक असा आकडा प्रतींवर घालीत. मौज अशी की पन्नासांची मजल क्वचितच गाठली गेली. तितके गिऱ्हाईकच नव्हते! १९५८ मध्ये ते वारले. त्यानंतर पुत्र कोल यांनी वडिलांच्या निगेटिव्हवरून प्रती काढल्या आणि निगेटिव्ह कोणाची, प्रत कोणी केली, हे त्यांवर स्पष्ट नोंदवले. दुसरे पुत्र ब्रेट यांनी मात्र १९९१ मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वतःच्या निगेटिव्ह जाळल्या. त्यांची प्रत दुसऱ्या कोणी काढावी हे त्यांना मान्यच नव्हते. सख्खे भाऊ, पण मते अशी दोन टोकांची.

अॅन्सेल अॅडम्स हे तरुणपणी पियानोवादक होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि प्रत म्हणजे तिचे वादन, असे ते मानीत. १९४१ च्या हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाच्या त्यांच्या चित्राच्या हजाराहून अधिक प्रती त्यांनी काढल्या. जुन्या प्रतींतले फिके आकाश नंतरच्या प्रतींत जवळजवळ काळे झाले. असा मनुष्य आकड्याच्या बंधनात कसा रमावा? तरीही १९७० नंतर न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकासाठी ११० प्रतींचा संच करताना त्यांनी अट मान्य केली. बँकेतील धनादेश रद्द करण्याच्या यंत्राखाली घालून त्या निगेटिव्ह भोके पाडून बाद करण्यात आल्या. पुढे त्यांना याचा पश्चात्ताप झाला, आणि तो खरा वाटतो. लिपी फाडून टाकली तर वादन पुन्हा कसे व्हावे?

हा वाद अखेर न्यायालयात गेला. विल्यम एगलस्टन यांची रंगीत चित्रे पूर्वी मर्यादित संख्येने विकली गेली होती. मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांच्याच चित्रांच्या, संगणकाच्या साहाय्याने छापलेल्या ३६ मोठ्या प्रती सुमारे ५९ लक्ष डॉलरांना गेल्या. मेंफिसमधील लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीचे चित्र त्यांत होते. जुन्या प्रती बाळगणाऱ्या एका संग्राहकाने दावा लावला: आपल्या प्रतीची दुर्मिळता गेली, म्हणजे किंमतही गेली. २०१३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. ठरलेल्या आवृत्तीत एकही प्रत वाढवता येणार नाही. पण निराळ्या आकाराची, निराळ्या रीतीने छापलेली प्रत ही नवी आवृत्ती होय, आणि तिला कायद्याची आडकाठी नाही, असा निर्णय झाला. तेव्हापासून जाणते ग्राहक आकड्याबरोबर आकार आणि छपाईची रीतही लिहून मागू लागले.