आजार एकाचा, दोष दुसऱ्याला : स्मृतिभ्रंश आणि घरची माणसं

अल्झायमरचा इतिहास म्हटलं की आपण ऑगुस्ट डेटर या बाईंपासून सुरुवात करतो. १९०१ साली त्यांना फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. १९०६ साली त्या वारल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉक्टर अल्झायमर यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांच्या मेंदूत काय दिसलं ते मांडलं. पण त्यांना तिथे आणणारा नवरा? तो रेल्वेत कारकून होता. घरी त्याने काय काय सोसलं, याला इतिहासात दोन-तीन ओळी मिळतात.

ही उपेक्षा पुढे सत्तरेक वर्षं चालली. ब्रिटन-अमेरिकेत १९७९-८० च्या सुमारास कुटुंबीयांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९८१ साली नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांनी घरच्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच दिवस ३६ तासांचा आहे. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

भारतात १९९२ साली केरळातून अल्झायमर संघटनेचं काम सुरू झालं. मला मात्र आज गोव्याबद्दल बोलायचंय. कारण तिथे प्रश्न वेगळ्या जागी सापडला.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विसरणं, भरकटणं ही लक्षणं लोकांना चांगली ठाऊक होती. पण तो आजार आहे, असं कुणी मानत नव्हतं. एक तर म्हातारपण, नाहीतर मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून असं झालं! म्हणजे बघा, रात्र रात्र जागणारी सून, आणि शेजारी तिच्याकडेच बोट दाखवणार.

मग अमित डायस, पटेल आणि सहकाऱ्यांनी घरभेटींचा प्रयोग केला. भेटी देणारे डॉक्टर नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, तिथली भाषा बोलणारी, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. निदान पंधरवड्याला एकदा, सहा महिने. हा आजार आहे हे सांगायचं. चिडचिड, भटकणं कसं हाताळायचं, आंघोळ-जेवण कसं सांभाळायचं ते दाखवायचं. गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं, सरकारी योजनांची माहिती द्यायची, अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून द्यायची. समजा, आजी रोज संध्याकाळी स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणते. वाद घालून उपयोग नसतो, हे कुणीतरी सांगावं लागतं.

एकूण ८१ कुटुंबं होती. ४१ घरांना लगेच मदत मिळाली, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. निष्कर्ष २००८ साली आले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. त्या काळात १८ रुग्ण दगावलेही.

काही जण विचारतात, मग उपयोग काय झाला? मला वाटतं, हा प्रश्न विचारणाऱ्याने सुनेला अजून मोजलेलंच नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. भेटी सहा महिन्यांच्या आणि आजार कित्येक वर्षांचा. नंतरच्या वर्षांत त्या घरी कोण जाणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम आणला, चांगला आहे. पण पडदा दार वाजवत नाही.

असो. वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.