ऑफिसच्या चॅटवर मेसेज, थ्रेड आणि मेन्शन: काय, कधी आणि कसं वापरायचं?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दिवेआगर, बोर्ली पंचतन आणि श्रीवर्धनच्या आसपासची वीज आणि मोबाइल नेटवर्क अनेक दिवस बंद होतं. तेव्हा कोरोनामुळे कित्येकांचं ऑफिस घरूनच, चॅट ॲपवर सुरू होतं.

समजा, गावाहून काम करणाऱ्या एखादीने चार दिवसांनी रेंज आल्यावर ॲप उघडलं आणि समोर तीनशे मेसेज आले. त्यातले आपल्यासाठीचे कोणते, हे तिला कसं कळणार? ती नसताना बाकीच्यांनी मेसेज कसे टाकले, त्यावर ते ठरतं. स्लॅकचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

मेसेज: चॅनलवर की पर्सनल?

चॅनल म्हणजे एका विषयाचा किंवा टीमचा ग्रुप. कामाचा प्रश्न शक्यतो तिथेच विचारा. उत्तर सगळ्यांना दिसतं आणि नंतर सर्च केल्यावर सापडतं. पगार, रजा, तब्येत अशा खासगी गोष्टींसाठी डायरेक्ट मेसेज आहे.

नुसतं ‘हाय’ टाकून थांबू नका. समोरच्याची रेंज ये-जा करत असेल, तर ‘हाय’ला ‘बोल’ म्हणण्यातच अर्धा दिवस जातो. काय हवंय आणि कधीपर्यंत, हे एकाच मेसेजमध्ये लिहा.

थ्रेड म्हणजे काय?

एखाद्या मेसेजखाली सुरू होणारी वेगळी चर्चा म्हणजे थ्रेड. स्लॅकमध्ये ही सोय जानेवारी २०१७ मध्ये आली. व्हॉट्सॲपवर आपण रिप्लाय देतो, तेव्हा जुना मेसेज वर दिसतो खरा, पण उत्तर मुख्य गर्दीतच पडतं. थ्रेडमधली उत्तरं मात्र मूळ मेसेजखाली एकत्र राहतात.

त्यामुळे चार दिवसांनी आलेल्या व्यक्तीला एक विषय सलग वाचता येतो. पण थ्रेडमध्ये घेतलेला निर्णय चॅनलवरच्या बाकीच्यांच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून शेवटचं उत्तर देताना ‘हे चॅनलवरही पाठवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडा.

मेन्शन: @ कुणासाठी?

@ लावून नाव लिहिलं की त्या व्यक्तीला नोटिफिकेशन जातं आणि चॅनलच्या नावापुढे आकडा दिसतो. तीनशे मेसेजमधून आपले चार शोधायला हाच आकडा मदत करतो.

• @नाव: काम एका व्यक्तीकडे असेल तेव्हा.
• @हिअर: चॅनलमधल्या त्या क्षणी ॲक्टिव्ह असलेल्यांनाच सूचना जाते. रेंज नसलेल्या माणसाला ती मिळत नाही.
• @चॅनल: ऑफलाइन असलेल्यांसह सगळ्या सदस्यांना सूचना जाते. खरंच सगळ्यांना कळवायचं असेल तेव्हाच वापरा. रोज वापरलं तर लोक चॅनल म्युट करतात आणि मग महत्त्वाची सूचनाही वाचली जात नाही.

फरक बघा

‘ती फाइल कुणी बघितली का?’ या मेसेजला सहसा कुणीच उत्तर देत नाही, कारण तो कुणालाच उद्देशून नाही. त्याऐवजी ‘@प्राजक्ता, जूनच्या बिलांची फाइल गुरुवारी दुपारपर्यंत तपासशील का? शंका असतील तर याच थ्रेडमध्ये लिही’ असं लिहा. प्राजक्ता बुधवारी रात्री ऑनलाइन आली, तरी तिला काय करायचंय ते कळेल.

एक गोष्ट विसरू नका

स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये मागच्या ९० दिवसांचेच मेसेज बघता येतात. त्यामुळे ठरलेले दर, तारखा, जबाबदाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि झोहो क्लिक या ॲप्समध्येही चॅनल आणि मेन्शन आहेत, फक्त बटणांची नावं आणि जागा बदलतात. कोणतंही ॲप असो, पाठवण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता ऑफलाइन असलेल्या माणसाला हा मेसेज दोन दिवसांनी वाचून समजेल का? नसेल, तर एक ओळ वाढवा.