शब्दसंपत्ती (उच्च प्राथमिक शालेय स्तर)

मराठी शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांचे शब्दभांडार वाढावे म्हणून घेतले जाणारे पाठ, स्वाध्याय आणि खेळ यांना मिळून ‘शब्दसंपत्ती’ म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकांत आणि परीक्षांत हे नाव चांगलेच रुळले आहे. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, समूहदर्शक आणि ध्वनिदर्शक शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार, म्हणी, उपसर्ग-प्रत्यय हे तिचे नेहमीचे विभाग. पारिभाषिक शब्दांचा विचार मात्र बहुधा त्या त्या विषयाच्या तासाला होतो.

महाराष्ट्रात पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक अशी जुनी वाटणी होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला. वाटणी कोणतीही धरली, तरी मुलाच्या वाचनात पाचवीच्या आसपास मोठा बदल होतो. तोवर ते कानाला ओळखीचे असलेलेच शब्द अक्षरांतून ओळखायला शिकत असते. ‘विहीर’ हा शब्द वाचण्यापूर्वी तो त्याने शेकडो वेळा ऐकलेला असतो. पाचवीनंतर पुस्तकात बाष्पीभवन, उत्खनन, सार्वभौम, गुणोत्तर असे शब्द येऊ लागतात. हे घरात, अंगणात, बाजारात कोणी बोलत नाही. अक्षरे नीट वाचता येतात, पण अर्थ लागत नाही. शब्दसंपत्तीच्या पाठांची खरी गरज इथून सुरू होते.

समूहदर्शक शब्द : पाठ्यपुस्तकांत या विभागाची यादी देतात आणि ती पाठ करून घेतात. पण यादीतला प्रत्येक शब्द एक आकार आणि एक हातकाम घेऊन आलेला असतो. एकावर एक किंवा एकत्र ठेवलेल्या वस्तूंसाठीच मराठीत किती वेगळे शब्द आहेत ते पाहावे. भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, मडक्यांची उतरंड, कडब्याची गंजी, धान्याची रास. उतरंडीत खालचे मडके मोठे आणि वरचे लहान होत जाते; नाण्यांच्या चळतीत सगळी नाणी सारखी असली की ती नीट उभी राहते. रास ओतलेल्या धान्याची होते, गंजी रचावी लागते. ज्या मुलाने खळ्यावर रास पाहिली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी वर्गात दहा नाणी, चार वाट्या आणि मूठभर तांदूळ एवढे साहित्य पुरते. ध्वनिदर्शक शब्दांनाही हीच वाट लागू पडते. पानांची सळसळ, पंखांची फडफड, बांगड्यांची किणकिण, डासांची भुणभुण हे शब्द ऐकून शिकण्याचे आहेत.

समानार्थी शब्द : या विभागावर सर्वांत जास्त वेळ खर्च होतो आणि सर्वांत जास्त घोटाळाही इथेच होतो. पाणी म्हणजे जल, उदक, नीर, तोय, सलिल, जीवन, असे मूल घडाघडा म्हणते आणि मग निबंधात ‘नळाला उदक आले’ असे लिहून बसते. कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. पिण्याचे ते पाणी. जल बहुधा जलाशय, जलवाहतूक, जलप्रवास अशा सामासिक शब्दांत राहते. उदक धार्मिक विधीत. नीर आणि सलिल कवितेत. ‘जीवन’चा पाणी हा अर्थ मुलांना पटत नाही. पण राज्यात पाणीपुरवठ्याच्या योजना राबवणाऱ्या संस्थेचे नाव ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ आहे, आणि ते पाण्याच्या टाकीवर लिहिलेले पुष्कळांनी वाचलेले असते. ती पाटी दाखवली की शब्द कायमचा लक्षात राहतो. समानार्थी शब्दासोबत तो जिथे शोभतो असे एक वाक्य द्यावे, ही साधी अट पाळली तरी हा विभाग सुधारतो.

शब्दकुळे : पाठांतराच्या यादीपेक्षा ही पद्धत कितीतरी फलदायी आहे, म्हणून तिचा विस्तार येथे मुद्दाम केला आहे. मराठीत आलेले संस्कृत शब्द जोडून बनलेले असल्यामुळे एका तुकड्याचा अर्थ कळला की आठ-दहा शब्द एकदम उघडतात. कमळाचे समानार्थी शब्द म्हणून जलज, नीरज, अंबुज, पंकज, सरोज हे पाच शब्द सुटे पाठ करणे जड जाते. फळ्यावर एका उभ्या ओळीत जल, नीर, अंबु लिहावेत आणि त्यांच्यापुढे ‘ज’ जोडावा. ज म्हणजे जन्मलेला; पाण्यात जन्मलेले ते कमळ. ‘ज’ पुसून ‘द’ लिहिला की जलद, नीरद, अंबुद. द म्हणजे देणारा. पाणी देणारा तो ढग. ‘द’च्या जागी ‘धी’ आला की जलधी, अंबुधी. पाणी साठवून धरणारा तो समुद्र. पाच मिनिटांत फळ्यावर कमळ, ढग आणि समुद्र उभे राहतात आणि पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

मग मुले स्वतः पुढे जातात. पंक म्हणजे चिखल, म्हणून पंकज. सरस् म्हणजे तळे, म्हणून सरोज. अग्रज आधी जन्मलेला, म्हणजे थोरला भाऊ. अनुज मागून जन्मलेला धाकटा. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला, म्हणून पक्षीसुद्धा (आधी अंडे, मग पिलू) आणि दातसुद्धा. एवढ्यात मुंबईकडचे एखादे मूल हमखास विचारते की ‘जलद लोकल’मधला जलद कोणता. तो शब्द अरबी-फारसीतून आलेला, त्याचा अर्थ वेगवान. ढगाच्या जलदशी त्याचे काही नाते नाही. दिसायला एक, पण कुळे दोन, हे समजायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कृतज्ञ आणि कृतघ्न ही परीक्षेत नेहमी उलटणारी जोडीही अशीच सुटते. ज्ञ म्हणजे जाणणारा : सर्वज्ञ, अज्ञ, तज्ज्ञ. घ्न म्हणजे मारणारा : शत्रुघ्न. केलेले उपकार जाणतो तो कृतज्ञ, ते मारून टाकतो तो कृतघ्न. शिवाय ‘तज्ज्ञ’ हा शब्द तत् आणि ज्ञ मिळून झाला, हे कळले की त्यात ज जास्तीचा का, याचेही उत्तर मिळते आणि शुद्धलेखनाची एक चूक आपोआप जाते.

उपसर्गांचे काम असेच चालते. ‘कार’ला आ, वि, प्र, उप, अप, प्रति, अधि लावून आकार, विकार, प्रकार, उपकार, अपकार, प्रतिकार, अधिकार होतात. फारसी-अरबीतून आलेले बे, गैर, ना हे उपसर्गही मुलांच्या तोंडी असतात : बेपर्वा, गैरहजर, नाराज. ‘गैरसमज’मध्ये बाहेरून आलेला उपसर्ग मराठी शब्दाला जोडला गेला आहे. पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, पगार आले. शब्दाला गाव असते, तो प्रवास करतो, ही गोष्ट या वयाच्या मुलांना मनापासून आवडते.

परीक्षा : शब्दसंपत्तीला आजचे रूप येण्यात शिष्यवृत्ती परीक्षेचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे ती घेतली जाते. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीसाठी घेण्यात येऊ लागली. या रचनेत प्रत्येकी 150 गुणांचे दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषेचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी आणि गणिताचे 50 प्रश्न 100 गुणांसाठी. दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी याच प्रमाणात. प्रत्येक पेपरला दीड तास. उत्तर चार पर्यायांतून निवडायचे असल्यामुळे शब्द ओळखता आला की पुरते, तो वापरता येणे तपासले जात नाही. परीक्षेमुळे खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांनी म्हणी आणि वाक्प्रचार गिरवले, हे तिचे श्रेय आहे. तयारीच्या पुस्तकांतल्या याद्या वर्गातल्या अध्यापनाचीच जागा घेऊ लागल्या, अशी तक्रारही शिक्षकांकडून होते.

कोश आणि नियतकालिके : मराठीच्या कोशपरंपरेत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, दुसरी आवृत्ती 1857) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेला सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932–38) हे मोठे टप्पे. मुलांच्या दृष्टीने मात्र वासुदेव गोविंद आपटे (1871–1930) यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांनी 1906 मध्ये मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि 1922 मध्ये ‘शब्दरत्नाकर’ हा कोश दिला. मराठीतले संप्रदाय (म्हणजे वाक्प्रचार) आणि म्हणी यांचाही संग्रह त्यांनी केला. शब्द गोळा करणारा आणि मुलांसाठी गोष्टी लिहिणारा माणूस एकच असणे, हा योग मराठीला लाभला. त्याची आठवण शालेय पुस्तकांत फारशी ठेवली जात नाही याची खंत वाटते. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे ‘बालभारती’ची स्थापना 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात झाली. मंडळाचे ‘किशोर’ मासिक 1971 मध्ये निघाले. साधारण याच वयाच्या मुलांसाठी मान्यवर लेखकांनी त्यात लिहिले, त्यामुळे शब्द गोष्टीतून, कवितेतून, कोड्यातून भेटत राहिले.

कोश पाहण्याची सवय हा शब्दसंपत्तीचाच भाग. पुस्तकांत शब्द अकारविल्हे लावण्याचे स्वाध्याय असतात. वर्गात मुले अडतात ती जोडाक्षरांपाशी. ‘क्रम’ आधी की ‘कौल’? बाराखडी संपल्यावर जोडाक्षरे येतात, म्हणून कौल आधी. क्ष आणि ज्ञ शेवटी शोधायचे की क आणि ज यांच्या पोटात, हे कोशानुसार बदलते. वर्गात निदान एक फाटका का होईना, पण मुलांच्या हाती पडणारा कोश असावा. कपाटात कुलूपबंद कोशाचा उपयोग नाही.

संशोधन : या विषयावरचे बरेचसे संशोधन इंग्रजीपुरते आहे. इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि लिंडा कुकन यांनी 2002 च्या पुस्तकात शब्दांचे तीन थर मांडले : रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत फिरणारे पुस्तकी शब्द, आणि एकेका विषयाचे पारिभाषिक. वर्गात सर्वाधिक मेहनत मधल्या थरावर घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. मराठीत त्या थरात संकोच, निष्कर्ष, विपुल, तत्पर, अपरिहार्य असे शब्द येतील. ते कोणत्याच एका विषयाचे नसल्यामुळे ते शिकवणे कोणत्याच तासाला आपले काम वाटत नाही. एका वर्षात मुलाने किती शब्द शिकावेत याचे इंग्रजीतले अंदाज मराठीला तसेच लावता येत नाहीत. घर, घराला, घरापुढच्यांनाही : हे तीन शब्द मोजायचे की एक, इथूनच प्रश्न सुरू होतो.

परिभाषा : राज्याच्या भाषा संचालनालयाने (स्थापना 1960) विषयवार परिभाषा कोश काढले. प्रकाशसंश्लेषण, अपवर्तन, परिमेय संख्या यांसारखे शब्द फोडून सांगितले तर सोपे होतात : बाष्प म्हणजे वाफ, भवन म्हणजे होणे, म्हणून बाष्पीभवन. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळे हे शब्द मुलांपर्यंत पोचत नाहीत. त्याचे परिणाम काय, याबद्दल मतभेद आहेत.

बोली : घरच्या बोलीतला शब्द म्हणजे चूक नव्हे, ती मुलाने शाळेत येताना आणलेली ठेव आहे. मालवणी मूल झील आणि चेडू म्हणते, अहिराणी मूल आंडोर आणि आंडेर. प्रमाण मराठीतले ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ शेजारी लिहून चार बोलींची ओळ फळ्यावर केली, तर मूल गप्प होत नाही, उलट सांगू लागते. वारली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेची मराठी ही जवळजवळ दुसरी भाषाच असते. त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी समानार्थी शब्दांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

खेळ : भेंड्या, शब्दकोडी, उखाणे, ‘नाव-गाव-फळ-फूल’.

कायदा : 2020 च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली, 2020-21 मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली. त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुलेही शब्दसंपत्तीच्या पाठांना बसू लागली.

महाराष्ट्राबाहेर : गोव्यात सरकारी मराठी माध्यम प्रामुख्याने चौथीपर्यंत आहे, पाचवीपासून मराठी हा एक विषय म्हणून उरतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात.