अनेक अँटेनांच्या रिसीव्हरमधील गणिताचा भार

प्रेषक आणि रिसीव्हर या दोघांनाही एकापेक्षा अधिक अँटेना असल्या, तर एकाच वारंवारतेवर एकाच वेळी अनेक संदेशधारा पाठवता येतात. या पद्धतीला ‘मायमो’ म्हणतात. या पद्धतीची पायाभरणी करणाऱ्या दोघांचे अभियांत्रिकी शिक्षण पुणे आणि लोणावळा येथे झाले.

टॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले आणि १९६३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात आले आणि १९६६ मध्ये लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. भारतीय नौदलासाठी त्यांनी सोनार यंत्रणा विकसित केली. पाण्याखालच्या अनेक ध्वनिग्राहकांनी टिपलेल्या आवाजांतून हवा तो आवाज आणि त्याची दिशा वेगळी काढणे, हे सोनारचे काम. अनेक अँटेनांचे गणितही त्याच जातीचे आहे. पुढे पॉलराज स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे गेले. दोघांनी १९९२ मध्ये मायमोच्या मूळ कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये ते मंजूर झाले.

ही कल्पना दाट वस्तीत विशेष फळते. नवीन पनवेल किंवा कळंबोलीत टॉवरवरून निघालेली लहर इमारतींवर आपटत अनेक वाटांनी मोबाइलपर्यंत येते. जुन्या यंत्रणांना हा त्रास वाटे. मायमोत मात्र त्यामुळेच प्रत्येक अँटेनाला धारांचे वेगवेगळे मिश्रण मिळते. मिश्रणे पुरेशी वेगळी असली की समीकरणे सोडवून धारा सुट्या करता येतात.

अडचण आहे ती या सोडवणुकीच्या खर्चाची. सर्वांत बिनचूक रीत म्हणजे पाठवलेल्या चिन्हांची प्रत्येक शक्य जुळणी तपासून सर्वाधिक संभाव्य ती निवडणे. चार धारा आणि प्रत्येकीत १६ संभाव्य चिन्हे असतील, तर ६५,५३६ जुळण्या होतात. ६४ चिन्हे असतील, तर १,६७,७७,२१६. चौथ्या पिढीच्या २० मेगाहर्ट्झ वाहिनीवर असा उलगडा सेकंदाला सुमारे दीड कोटी वेळा करावा लागतो. हातातल्या फोनच्या बॅटरीवर हे शक्य नाही. म्हणून अचूकता फारशी न गमावता गणित कमी करणे, हाच या क्षेत्राचा मुख्य उद्योग ठरला.

सर्वांत स्वस्त उपाय रेषीय होता: धारा कशा मिसळतात हे सांगणाऱ्या वाहिनीच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढून मिश्रण उलटवायचे. पण त्यात संदेशाबरोबर गोंगाटही फुगतो. बेल लॅब्जचे जेरार्ड फॉशिनी यांनी १९९६ मध्ये थरांची रचना मांडली. १९९८ मध्ये तिथेच ‘व्ही-ब्लास्ट’ पद्धत पुढे आली: सर्वांत स्पष्ट धारा आधी ओळखायची, मिश्रणातून तिचा भाग वजा करायचा आणि मग पुढची धारा घ्यायची. प्रत्येक पायरीला मॅट्रिक्सचे गणित नव्याने करावे लागल्याने श्रम अँटेनांच्या संख्येच्या चौथ्या घाताने वाढत. कैलाथ यांचे विद्यार्थी बाबक हसिबी यांनी २००० मध्ये वर्गमूळ पद्धतीने ते तिसऱ्या घातावर आणले. अँटेना दुप्पट झाल्या, तर पूर्वी काम सोळापट होई; आता ते आठपट होऊ लागले. मॅट्रिक्सची अंगभूत रचना ओळखून गणित वाचवणे हा कैलाथ यांच्या संशोधनाचा जुना विषय होता आणि शिष्याच्या कामात तोच वारसा दिसतो.

सियावश अलामौटी यांनी १९९८ मध्ये भार प्रेषकाकडूनच हलका केला. दोन अँटेनांवरून दोन चिन्हे अशा क्रमाने दोनदा पाठवली, की रिसीव्हरला ती साध्या बेरीज-गुणाकाराने सुटी करता यावीत.

तिसरी वाट शुद्ध गणितातून आली. फिंके आणि पोस्ट यांनी १९८५ मध्ये जाळीतले जवळचे बिंदू शोधण्याची रीत दिली होती. चिन्हांच्या शक्य जुळण्याही अशाच जाळीचे बिंदू मानता येतात, म्हणून विटर्बो आणि बुत्रो यांनी १९९९ मध्ये ती संदेश उलगडण्यासाठी वापरली. आलेल्या संकेताभोवती एक गोल कल्पून त्यातल्याच जुळण्या तपासायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. गोंगाट कमी असताना हे सरासरी काम बरेच आटोक्यात राहते, असे हसिबी आणि विकालो यांनी २००५ मध्ये दाखवले. त्याच वर्षी याल्डेन आणि ऑटरस्टेन यांनी त्याची मर्यादाही सिद्ध केली: धारा वाढत गेल्या, तर श्रम शेवटी घातांकी वेगानेच वाढतात. चिप बनवणाऱ्यांना कामाचा अंदाज आधी हवा असतो. त्यांच्यासाठी प्रत्येक पायरीवर ठरावीक संख्येनेच सर्वोत्तम पर्याय पुढे नेणारी ‘के-बेस्ट’ रीत सोयीची ठरली.

अँटेनांची संख्या डझनांत गेल्यावर प्रश्न पुन्हा बदलला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. चॉकलिंगम आणि बी. सुंदर राजन यांनी अशा मोठ्या यंत्रणांसाठी कमी श्रमाच्या शोधपद्धती विकसित केल्या. थॉमस मार्झेट्टा यांनी २०१० मध्ये दाखवले, की टॉवरवर वापरकर्त्यांपेक्षा खूप जास्त अँटेना असतील, तर साधी रेषीय पद्धतही पुरेशी ठरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या टॉवरांना याच विचाराचा आधार आहे.

मायमोची कल्पना १९९२ मध्ये कागदावर आली. ती लोकांच्या खिशात पोहोचली, ती संदेश उलगडण्याचे गणित फोनला पेलेल इतके हलके झाल्यावरच. या यशात अँटेनांइतकाच वाटा गणित वाचवणाऱ्यांचा आहे.