भाड्याचे चाक आणि जामिनाचा प्रश्न

सार्वजनिक सायकल योजनेची कल्पना साधी आहे. ठरलेल्या जागी सायकली ठेवायच्या, कोणीही थोडे भाडे देऊन सायकल न्यायची आणि काम झाले की दुसऱ्या ठरलेल्या जागी सोडायची. या योजनांची चर्चा आपल्याकडे शहरांपुरती होते. प्रदूषण, गर्दी आणि व्यायाम हे तिचे विषय असतात. हीच योजना बीडसारख्या जिल्ह्यात न्यायची म्हटली, तर त्याआधी इतिहासाला एक प्रश्न विचारावा लागेल. भाड्याचे वाहन या समाजात कोणाला मिळत आले आहे, आणि कोणत्या अटीवर?

या प्रश्नाचा इतिहास सायकलीपेक्षा जुना आहे. गावगाड्यात महाराने पायी चालायचे, हा दंडक होता. मयताची खबर परगावी पोचवणे, वसुलीची रक्कम ठाण्यावर नेणे, आलेल्या कामदाराच्या घोड्यापुढे धावणे ही कामे त्याच्या पायांवर होती. ज्याच्या पायांवर गाव चालत होते, त्याला स्वतःला वाहन नव्हते. हाती पैसा आला तरी ही स्थिती बदलत नसे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिलेले दोन प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. 1901 साली मसूर स्टेशनवर उतरलेली ही मुले गोरेगावला वडिलांकडे निघाली होती. अंगावर चांगले कपडे होते, भाड्याचे पैसे होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. तोही असा की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे. पुढे 1929 साली तेच भीमराव, आता बॅरिस्टर आणि मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य, चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला, चाक दगडावर आदळले आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. अठ्ठावीस वर्षांत मुलगा बॅरिस्टर झाला. भाड्याच्या चाकाची अट तीच राहिली.

या अटीला पहिला धक्का दिला तो तिकिटाने. हैदराबाद संस्थानात, म्हणजे तेव्हाच्या मराठवाड्यावर ज्याची सत्ता होती त्या राज्यात, 1932 साली 27 गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. मुंबई राज्याची पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरवला. कायद्याने किंवा तिकिटाने शेजारी बसणाऱ्याचे मन बदलले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिकिटाचा गुण असा की ते जामीन मागत नाही. पैसे दिले की जागा मिळाली. कोणाचा कोण, हे कंडक्टरला विचारावे लागत नाही.

सायकलीचे तसे नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या आसपास, भाड्याच्या सायकलींची दुकाने असत. मडगार्डवर क्रमांक रंगवलेला, भिंतीवर घड्याळ आणि गल्ल्यावर वही. वहीत नाव, गाव, नेल्याची वेळ आणि आणल्याची वेळ. भाडे तासावर. ज्यांना सायकल विकत घेणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती. परंतु दुकानदार अनोळखी माणसाला सायकल देत नसे. 'ओळख आण' म्हणत असे. सायकल परत येईल की नाही ही त्याची चिंता खरीच होती. मात्र ओळख म्हणजे काय? गावात जमीन, दुकान, नोकरी, किंवा तसे काही असलेल्या माणसाशी संबंध. गावकुसाबाहेरच्या पोराची गावाला असलेली ओळख एकच, आणि ती जामिनाच्या उपयोगाची नव्हती. त्याला तोंडावर नकार देण्याचीही गरज नव्हती. वहीचा नियमच ते काम करत असे.

स्वतःची सायकल घेतली तरी प्रश्न संपत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्यात 2015 साली दुरुस्ती झाली. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला रोखणे हा गुन्हा आहे, असे त्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत लिहिले. स्वातंत्र्यानंतर 68 वर्षांनी देशाच्या संसदेला सायकलीचे नाव घेऊन कायदा लिहावा लागतो, यातच आपल्या रस्त्यांचा इतिहास आला.

आता नव्या योजनांकडे पाहू. पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये अशा सायकली आल्या. त्या मोबाईलवरून उघडत आणि पैसेही मोबाईलवरूनच कापले जात. काही वर्षांतच त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या अपयशाची कारणे अनेक असतील. आपल्याला त्यांची रचना पाहायची आहे. स्मार्टफोन, बँक खाते, ऑनलाईन भरणा ही जुन्या वहीचीच नवी पाने आहेत. 'ओळख आण' हे वाक्य दुकानदाराऐवजी यंत्र उच्चारते, एवढेच.

याच्या उलट अनुभव आहे तो शाळकरी मुलींच्या सायकलींचा. बिहारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. या योजनेवरील अभ्यासाने माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळू लागले. इथे ओळख एकच लागली: ही मुलगी शाळेत जाते. जामिनाची अट गेली की चाक कुठवर जाते, ते यातून दिसते.

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 होती. त्यातले पाचांपैकी चार जण खेड्यांत राहतात. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. बालाघाटच्या वाड्या-तांड्यांवरून हायस्कूल, दवाखाना आणि एस.टी.चा फाटा यांच्यात पाच-सात किलोमीटरचे अंतर असते. सार्वजनिक सायकलीची खरी गरज या अंतराला आहे.

म्हणून योजना आली, तर कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी सायकलींची संख्या विचारून थांबू नये. सायकली कुठे उभ्या राहणार? चावडीसमोर, देवळासमोर, की वस्तीतही? किल्ली कोणाच्या हाती? शाळेचे ओळखपत्र किंवा रेशनकार्ड पुरे होईल, की मोबाईल हवाच? पंक्चर काढण्याचे आणि सायकली सांभाळण्याचे पगारी काम वस्तीतल्या तरुणाला मिळेल का? ही चौकशी कागदावर योजना मंजूर होण्याआधी व्हायला हवी, कारण जागा, किल्ली आणि अट एकदा ठरली की ती पुढे कोणी बदलत नाही. मसूरच्या मुलांजवळ भाड्याचे पैसे होते. त्यांना कमी पडले ते गाडी मिळण्याच्या हक्काचे बळ. सार्वजनिक या शब्दाला अर्थ द्यायचा असेल, तर सायकलही एस.टी.च्या तिकिटासारखी मिळाली पाहिजे: कोणाचा कोण, हे न विचारता.