लाइन तुटली, काम चालू

परवा पद्मनाभपुरात वीज गेली, वाय-फाय गेलं आणि दूरच्या सर्व्हरवर माझ्यासाठी कोड लिहिणारा एआय सहायक अर्ध्यातच बंद पडला. सर्व्हर तर चालू होता, मग हा का थांबला?

उत्तर टेलिफोनच्या काळात आहे. तेव्हा टर्मिनल मोडेमवरून जोडलेलं असे. फोन तुटला की युनिक्स त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रामांना ‘सिगहप’ हा इशारा देई. हप म्हणजे हँग-अप. गिऱ्हाईक गेलं, दुकान बंद करा! मोडेम गेले, हुकूम राहिला. फौजेत असे हुकूम मी पुष्कळ पाहिलेत.

१९८७ मध्ये ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांचा ‘स्क्रीन’ आला, २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांचा ‘टीमक्स’. युक्ती एकच: प्रोग्रामचं टर्मिनल सर्व्हरवरच ठेवायचं, आपण फक्त येऊन-जाऊन बघायचं. एमआयटीतला २०१२ चा ‘मॉश’ नेटवर्क बदललं तरी जोडणी टिकवतो. पण लॅपटॉपच बंद झाला तर टीमक्सच हवा. सर्व्हर रीस्टार्ट झाला तर मात्र तोही गेला.

आता मी आधी टीमक्स सुरू करतो, मग सहायकाला कामाला लावतो. काल पुन्हा वीज गेली. आल्यावर ‘टीमक्स अटॅच’ टाइप केलं. पठ्ठ्या जिवंत होता, एक फाइल बदलायला माझी परवानगी मागत तासभर ताटकळलेला.