चाळणीखालची सही : वाचकपत्रापासून प्रेक्षक-प्रतिक्रियेपर्यंत

यूट्यूबवरील एखाद्या वाहिनीचा चालक आपल्या चित्रफितीखाली येणाऱ्या प्रेक्षक-प्रतिक्रियांची निवड करतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो? आलेली प्रतिक्रिया रोखून धरणे, विशिष्ट शब्द आढळताच ती आपोआप अडवणे, पुसून टाकणे, एखाद्या प्रेक्षकाला त्या वाहिनीपुरते अदृश्य करणे आणि याउलट एखादी प्रतिक्रिया सर्वांच्या वर खिळवून ठेवणे, असे नाना अधिकार त्याच्या हाती असतात. या व्यवहाराकडे तांत्रिक व्यवस्थापन म्हणून पाहण्याचा आणि म्हणून साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा कल दिसतो. या क्रियेला मराठीत अजून स्थिर नावही नाही. 'नियंत्रण' म्हणावे तर सरकार डोळ्यांपुढे येते, 'परिनिरीक्षण' म्हणावे तर नाटकाचे मंडळ आठवते आणि 'संपादन' म्हटले की कर्तेपण चिकटते. प्रस्तुत लेखात 'चाळणी' हा घरगुती शब्द योजला आहे. चाळणीत वर उरलेले कामाचे की खाली पडलेले, हे चाळणाऱ्याच्या हेतूवरच ठरते, एवढी संदिग्धता त्या शब्दात आहे आणि ती येथे उपयोगाची आहे.

चाळणी ही नवी गोष्ट नव्हे. मराठी मुद्रितसंस्कृतीत ती नियतकालिकांच्या उदयापासून आहे. बदलले आहे ते चाळणीचे उत्तरदायित्व, किंवा असे म्हणू की चाळणीखाली असणारी सही.

भाऊ महाजनांनी १८४१ साली 'प्रभाकर' सुरू केले. त्याच पत्रात १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने १०८ पत्रे लिहिली. मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात 'शतपत्रां'चे स्थान सर्वमान्य आहे; तथापि त्यांच्या रूपबंधाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे लेखन निबंध म्हणून नव्हे, पत्र म्हणून अवतरले. पत्रकर्ता टोपणनावाआड होता. सरकारी चाकरीतल्या माणसाला ते आवश्यकही होते. स्वजातीवर इतक्या कठोर शब्दांत टीका करणारा मजकूर छापावा की नाही, हा निर्णय मात्र उघड नावाच्या संपादकाचा होता. लेखक झाकलेला आणि चाळणारा उघडा, ही व्यवस्था येथे प्रथम ठळकपणे दिसते. ती लेखकाला मोकळीक देते, कारण धोका दुसऱ्याने पत्करलेला असतो.

त्या धोक्याचे स्वरूप पुढे दोन खटल्यांत स्पष्ट झाले. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल 'केसरी'चे संपादक आगरकर आणि 'मराठा'चे संपादक टिळक यांना शिक्षा झाली. ज्या पत्रांच्या आधारे मजकूर छापला गेला ती पत्रे बनावट निघाली. दुसऱ्याने आणून दिलेल्या शब्दांची किंमत चाळणाऱ्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस मोजली आणि त्यातून आगरकरांचे एक पुस्तकही जन्माला आले. दुसरा खटला १८९७ चा. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेले काव्य प्रसिद्ध झाले, त्याखाली भवानी तलवारीची खूण एवढीच सही होती. राजद्रोहाच्या खटल्यात ते मुख्य पुराव्यांपैकी एक ठरले. ज्युरीचा कौल सहा विरुद्ध तीन असा पडला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांच्याबरोबर आरोपी केलेला मुद्रक मात्र निर्दोष सुटला. हा तपशील टिळकचरित्रात सहसा एका ओळीत संपतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो कळीचा आहे, कारण केवळ यंत्र चालवणारा आणि मजकूर निवडणारा यांत त्या निकालाने प्रत्यक्षात भेद केला.

मिशेल फूको यांनी १९६९ च्या एका व्याख्यानात असे सुचवले होते की, लेखन शिक्षापात्र होऊ लागले तेव्हा संहितांना 'लेखक' लाभले. मराठीपुरते तरी हे विधान संपादकालाही लागू करावयास हवे. संपादक ही संस्था अभिरुचीतून घडली असे आपण मानत आलो. ती तितकीच दंडसंहितेतूनही घडली आहे.

अर्थात उघड सहीची चाळणी न्याय्य होती असा याचा अर्थ नव्हे. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तो एका अभिरुचीच्या मक्तेदारीविरुद्ध होता. लघुनियतकालिकांची चळवळ ही एका परीने नाकारल्या गेलेल्यांनी स्वतःची चाळणी उभारण्याची चळवळ होती. पण तो निषेध शक्य झाला, कारण नकार ठाऊक होता, नकार देणाऱ्याचा पत्ता ठाऊक होता आणि जाळण्यासाठी हातात एक अंक होता.

आता वाहिनीकडे वळू. भारतीय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम ७९ ने मध्यस्थाला इतरांच्या मजकुराबाबत अटींसह संरक्षण दिले. २००८ च्या दुरुस्तीने ते विस्तारले आणि २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने मजकूर हटविण्याचे बंधन न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशाशी जोडले. त्याच निकालाने कलम ६६अ रद्द झाले. ज्या प्रकरणातून ही याचिका उद्भवली ते पालघरचे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथे फेसबुकवरील एका मजकुराबद्दल दोन तरुणींना अटक झाली; त्यांतील एकीने तो मजकूर लिहिला होता, दुसरीने फक्त पसंती दर्शवली होती. प्रतिक्रिया हीच कृती मानली जाण्याचा याहून टोकाचा दाखला शोधावा लागणार नाही.

कंपनी मध्यस्थ ठरली, तर वाहिनीचा चालक कोण? १८९७ चा मुद्रक की १८९७ चा संपादक? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली व्हॉट्सॲपवरील समूहाच्या चालकाला सदस्याच्या मजकुराबद्दल, समान हेतू दिसून येत नसेल तर, जबाबदार धरण्यास नकार दिला. कारण असे की, मजकूर प्रकट होण्यापूर्वी तो अडवण्याची वा निवडण्याची सत्ता त्याच्याकडे नसते. हा युक्तिवाद वाहिनीला लावून पाहिला की उलटतो, कारण येथे ती सत्ता आहे. प्रतिक्रिया आधी रोखून मग मोकळी करता येते. परदेशी न्यायालये याच वाटेने पुढे गेली आहेत. डेल्फी या एस्टोनियातील वृत्तसंकेतस्थळाकडे शिवराळ शब्द अडवणारी स्वयंचलित चाळणी होती, तरीही वाचकांच्या प्रतिक्रियांबद्दल त्याला जबाबदार धरणारा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१५ मध्ये उचलून धरला. भरपाईची रक्कम ३२० युरो इतकी किरकोळ होती, तत्त्व किरकोळ नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २०२१ मध्ये व्होलर प्रकरणात फेसबुकवर पान चालवणाऱ्या वृत्तसंस्थांना त्याखालील प्रतिक्रियांच्या 'प्रकाशक' ठरवले. त्या पानांवर प्रतिक्रिया सरसकट बंद करण्याची सोय तेव्हा नव्हती. परंतु अतिसामान्य शब्दांची यादी चाळणीत भरून जवळजवळ सर्वच अडवता येतात, ही युक्ती त्या खटल्यात मांडली गेली. भाषेतील सर्वनामे आणि अव्यये निषिद्ध करून भाषेलाच थोपवणे! एखाद्या विडंबनकाराला हे सुचले असते तर आपण दाद दिली असती.

शब्दयादीचा हा मार्ग मराठीत विशेष अडचणीचा आहे. एक तर मराठी प्रतिक्रिया बहुशः रोमन लिपीत येतात आणि एकाच शिवीची पाच वर्णलेखने संभवतात. यादी सतत मागे पडते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जातीचे नाव हे अपमानाचे साधन असते, तसेच ते स्वत्वाच्या उच्चाराचेही असते. यादीला ते एकच दिसते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा समीक्षेला जो प्रश्न पडला, म्हणजे असभ्य मानलेला शब्द येथे कोणाच्या तोंडी आणि कोणाविरुद्ध आहे, तो प्रश्न यादी विचारूच शकत नाही. जातीय शिवीने त्रस्त झालेल्या चालकाने एखादा शब्द यादीत घातला, तर शिवी देणारा वर्णलेखन बदलून आत येतो आणि त्या शब्दाने आपली ओळख सांगणारा बाहेर राहतो. म्हणून यादी हवी की नको, हा वाद मला दुय्यम वाटतो. चाळणाऱ्या माणसाला संदर्भ वाचता येतो काय, हा पहिला प्रश्न आहे आणि तो समीक्षेचा प्रश्न आहे.

चालकाची बाजूही नोंदवली पाहिजे. बहुतेक वाहिन्यांच्या मागे कचेरी नसते, एखादी व्यक्ती असते. तिच्यावर, विशेषतः ती स्त्री असेल तर, प्रतिक्रियांतून जो मारा होतो त्याला मतस्वातंत्र्य म्हणणे हा शब्दच्छल आहे. चाळणी तेथे स्वसंरक्षण असते.

तरीही इतिहासकाराची अडचण शिल्लक राहते. ज्या प्रेक्षकाला 'अदृश्य' केले जाते त्याला तसे कळवले जात नाही. तो लिहीत राहतो, इतरांना ते दिसत नाही. साभार परत आलेल्या हस्तलिखिताला निदान परतीचे टपाल होते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये साहित्येतिहासाचा पाया वाचकांच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'त शोधण्याचा आग्रह धरला. अपेक्षा पुऱ्या झाल्या की भंगल्या, हे प्रतिसादांतूनच कळते. एकोणिसाव्या शतकातील वाचकाचे क्षितिज आपण छापील पत्रांवरून रेखाटतो, तेव्हा न छापलेली पत्रे गृहीत धरावी लागतात. पण ती कोणी नाकारली हे ठाऊक असल्याने त्या संपादकाची अभिरुची, भीती आणि पक्ष हिशेबात घेता येतो. आजच्या चित्रफितीखालची शेकडो अनुकूल वाक्ये उद्याच्या अभ्यासकापुढे येतील तेव्हा त्यांतील एकमत प्रेक्षकांचे होते, चालकाचे होते की यंत्राने केलेल्या छाटणीचे, हे ठरवण्यास त्याच्यापाशी साधन नसेल. चित्रफीत हटली की तिच्याखालचा संवादही जातो. 'प्रभाकर'चे अंक निदान ग्रंथालयात शोधता येतात.